जुन्या जावा कोडमध्ये तीच मेथड चार-चार ठिकाणी, आवरायला सुरुवात कुठून करू?

निळी_शाई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, पण खरंच अडलेय म्हणून सविस्तर लिहितेय.

एका जुन्या बिलिंग सिस्टिमचा कोड चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे आला. जावा आहे, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) सगळा इतिहास आहे, टेस्ट मात्र नावापुरत्या. आधीच्या लोकांनी बिलाचा नवीन प्रकार आला की जुनी फाइल उचलायची, क्लासचं नाव बदलायचं, आत चार ओळी इकडेतिकडे करायच्या आणि पुढे जायचं असं केलेलं दिसतं. मी त्यांना दोष देत नाहीये, डेडलाइन डोक्यावर असली की मीही तेच केलं असतं. पण मागच्या महिन्यात रक्कम राउंड करण्यातला एक बग मी दुरुस्त केला, टेस्टिंग झालं, रिलीज झालं आणि दहा दिवसांनी तोच बग दुसऱ्या स्क्रीनवरून परत आला. शोधलं तर तीच मेथड अजून तीन फाइलींमध्ये, दोन ठिकाणी नाव वेगळं त्यामुळे सर्चमध्ये सापडलीच नव्हती. ग्राहकाला दोनदा सॉरी म्हणावं लागलं, ते मनाला फार लागलं.

मग पीएमडीमधलं सीपीडी हे कॉपी केलेला कोड शोधणारं टूल चालवलं, किमान टोकन (कोडमधले सुटे शब्द आणि चिन्हं) ५० ठेवले. रिपोर्ट एवढा मोठा आला की टीम लीडने दोन पानं बघून बंद केला, म्हणाले यातलं कुठलं आधी घ्यायचं ते सांग मग बोलू. आणि मला सांगता येईना.

दुसरं दुखणं स्टाइलचं. अर्ध्या फाइलींत टॅब, अर्ध्यांत स्पेस, कुठे कंस नव्या ओळीवर, कुठे एकओळी इफला कंसच नाही. रिव्ह्यूमध्ये वीस कॉमेंट येतात आणि त्यातल्या अठरा स्पेसवर. खरी चूक कोणाच्या नजरेलाच पडत नाही. पूर्ण कोड फॉरमॅट करून टाकू म्हटलं तर सीनियर म्हणतात गिटचं ब्लेम (प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणारी कमांड) बिघडेल, कोणी कोणती ओळ का लिहिली ते शोधता येणार नाही.

तर आधी डुप्लिकेशन घेऊ की स्टाइल? आणि त्या ढीगभर रिपोर्टमधून कामाचं कसं निवडायचं?

---

अर्धविराम

आधी फॉरमॅटिंग. कारण ते मशीन करतं, त्यात डोकं लावायचं नसतं आणि ते झाल्याशिवाय दोन कॉप्यांमधला डिफ (फरकाची यादी) धड वाचताच येत नाही, खऱ्या फरकाच्या तीन ओळी स्पेसच्या तीनशे ओळींत हरवून जातात.

ब्लेमची भीती आता खरंच राहिलेली नाही. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला इग्नोर-रेव्ह्ज-फाइल हा पर्याय आहे. फॉरमॅटिंगच्या कमिटचा, म्हणजे गिटमधल्या त्या एका नोंदीचा, हॅश (तिची ओळखखूण) एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा, ती फाइल रिपॉझिटरीतच ठेवायची, कॉन्फिगमध्ये एकदा सांगून टाकायचं, की ब्लेम ती कमिट ओलांडून मागच्या खऱ्या लेखकापर्यंत जातं. गिटहबच्या वेब पानावरही ठरावीक नावाची फाइल असेल तर तसंच दिसतं. सीनियरना एखाद्या फाइलवर करून दाखवा, दाखवल्यावर लोक लगेच मानतात, नुसतं सांगून कोणी मानत नाही.

अट एकच आणि ती मोडायची नाही: त्या कमिटमध्ये फॉरमॅटिंग सोडून दुसरं काहीही नको, एक व्हेरिएबलचं नावसुद्धा नको. जावामध्ये याची खात्री करायची एक चांगली सोय आहे. आधीचा आणि नंतरचा कोड दोन्ही एकाच कंपायलरने डिबग माहिती बंद करून कंपाइल करा, म्हणजे जी-कोलन-नन हा फ्लॅग, आणि तयार झालेल्या क्लास फाइली एकमेकींशी ताडून बघा. डिबग माहिती चालू ठेवली तर ओळींचे नंबर बदलल्यामुळे फाइली वेगळ्या दिसतील, बंद केली की बाइट टू बाइट सारख्या यायला हव्यात. एखादी वेगळी आली तर फॉरमॅटरशिवाय कोणाचा तरी हात लागलाय असं समजा आणि ती फाइल उघडून बघा.

लोकांच्या चालू ब्रँचचं (काम करायला वेगळ्या काढलेल्या शाखा) काय हा प्रश्न येणारच. ब्रँचवर आधी फॉरमॅटच्या अगदी आधीची कमिट मर्ज करायची, मग ब्रँचवरच तोच फॉरमॅटर चालवून कमिट करायचं, आणि मग फॉरमॅटची कमिट अवर्स स्ट्रॅटेजीने, म्हणजे आपल्या ब्रँचवरचाच कोड जसाच्या तसा ठेवून, मर्ज करायची. आम्ही हे लिहून सगळ्यांना पाठवलं होतं, अर्ध्या दिवसात सगळे पार झाले.

टॅब की स्पेस यावर मत मागू नका. गूगल-जावा-फॉरमॅटसारखं टूल घ्या ज्यात सेटिंग जवळजवळ नाहीतच, आणि स्पॉटलेस हे फॉरमॅटर चालवणारं प्लगइन वापरून ते बिल्डमध्ये बसवा. गो भाषेवाल्यांकडे पहिल्यापासून गोफम्ट हा एकच फॉरमॅटर असल्यामुळे हा वादच कधी पेटला नाही, ते मला फार शहाणपणाचं वाटतं.

---

जुना_खांब

वरच्यांशी सहमत, मी डुप्लिकेशनबद्दल लिहितो कारण ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे आणि त्यात लोक टक्केवारीच्या मागे लागून वर्ष घालवतात हे मी दोन ठिकाणी पाहिलंय.

पहिल्यांदा टूल काय बघतं ते समजून घ्या. सीपीडी कोडचे टोकन पाडतं आणि सलग सारख्या टोकनांच्या रांगा शोधतं, स्पेस आणि कॉमेंटचा त्याला फरक पडत नाही. तुम्ही ५० ठेवलेत, जावासाठी ते फार कमी आहे, गेटर-सेटर, बिल्डर, लांबलचक कन्स्ट्रक्टर सगळं त्यात येतं. १०० पासून सुरू करा, तरी पसारा वाटला तर १५०. सोनारक्यूब हे कोडचा दर्जा तपासणारं टूलही जावात सलग १० स्टेटमेंट जुळल्याशिवाय डुप्लिकेट म्हणत नाही. आणि दुसऱ्या फेरीत इग्नोर-आयडेंटिफायर्स आणि इग्नोर-लिटरल्स हे दोन पर्याय चालू करून बघा, कारण तुमच्या मेथडमध्ये व्हेरिएबलची नावंही बदललेली असणार. तशी कॉपी साध्या सेटिंगला तुटक तुटक दिसते, एखाद-दुसऱ्या ओळीनंतर जुळणी मोडते. रिपोर्ट वाढेल, पण तुम्हाला दोनदा सॉरी म्हणायला लावणारी कॉपी यातच आहे.

अभ्यासक याचे चार प्रकार करतात. हुबेहूब, नावं बदललेली, मध्ये ओळी घातलेली किंवा गाळलेली, आणि चौथा म्हणजे काम तेच पण लिहिलंय पूर्ण वेगळं. पहिले दोन टूल छान पकडतं. तिसऱ्याचे तुकडे-तुकडे दाखवतं, ते एकाच फाइल-जोडीत तीन-चार वेळा दिसले की समजायचं मूळ एक आहे. चौथा टोकन बघणाऱ्या टूलला दिसत नाही, तिथे माणूसच लागतो, बहुधा ज्याने तो बग दोनदा दुरुस्त केलाय तोच.

आता निवड. रिपोर्ट मोठ्या तुकड्यापासून लहानाकडे असा लावलेला असतो, तो क्रम विसरा. सातशे ओळींची कॉपी असेल आणि पाच वर्षांत तिला कोणी हात लावला नसेल तर ती कोणाला त्रास देत नाहीये, राहू द्या. त्याऐवजी गिट लॉग काढा, मागच्या वर्षभरात प्रत्येक कमिटमध्ये कोणत्या फाइली बदलल्या त्याची यादी, आणि रिपोर्टमधल्या जोड्या त्यावर टाका. तीन गट पडतील. दोन्ही फाइली नेहमी एकाच कमिटमध्ये बदलतात, म्हणजे टीम हाताने त्यांना सारखं ठेवतेय, रोज कष्ट पडतायत. दोन्ही कधीच बदलत नाहीत, ते सोडा. आणि तिसरा गट, एक बदलते आणि दुसरी मागे राहते. तिथे बग आहेत. तुमचा राउंडिंगचा बग या तिसऱ्या गटातला. माझ्या आधीच्या टीममध्ये आम्ही असं केल्यावर सहाशेच्या वर नोंदींतून जेमतेम वीस जोड्या उरल्या, आणि त्या वीसपैकी निम्म्या उघडल्या उघडल्या काहीतरी खरं निघालं.

ही माझी एकट्याची समजूत नाही. २००४ मध्ये सीपी-मायनर नावाच्या टूलवर संशोधन झालं, त्यांनी लिनक्स आणि फ्रीबीएसडीचा कोड चाळला आणि कॉपी-पेस्टमुळे आलेले लिनक्समध्ये २८ आणि फ्रीबीएसडीमध्ये २३ बग काढले. कॉपी केल्यावर एक नाव सगळीकडे बदललं आणि एका ठिकाणी बदलायचं राहिलं, अशा धाटणीचे. एवढे डोळे असलेल्या कोडमध्ये हे राहतं तर आपल्याकडे काय असेल याचा विचार करा.

आणि तुम्ही एकओळी इफला कंस नाही म्हणालात ते स्टाइलमध्ये ढकलू नका. २०१४ मध्ये उघडकीला आलं की ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित कनेक्शनच्या) कोडमध्ये गोटू-फेल ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. इफला कंस नव्हते, त्यामुळे पहिली ओळ अटीत राहिली आणि दुसरी नेहमीच चालू लागली, पुढची सही तपासणी टळली. इंडेंटेशन बघितलं तर दोन्ही अटीच्या आत वाटतात. दोन वर्षांनी जीसीसी ६ या कंपायलरमध्ये फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंग आली. म्हणजे डुप्लिकेट ओळ आणि स्टाइल दोन्ही एकाच जागी येऊन केवढं झालं बघा. कंस सक्तीचे करा, चेकस्टाइल या स्टाइल तपासणाऱ्या टूलमध्ये नीड-ब्रेसेस नावाचा नियम आहेच.

---

निळी_शाई

दोघांचेही मनापासून आभार. तिसरा गट वाचून लगेच लॉग काढला आणि राउंडिंगच्या चारही कॉप्या शेजारी शेजारी उघडल्या. घाम फुटला. एका ठिकाणी मॅथ-राउंड, दोन ठिकाणी बिगडेसिमल (जावाचा अचूक दशांशाचा प्रकार) हाफ-अप, आणि चौथ्यात हाफ-ईव्हन. मी समजत होते चारही सारख्या आहेत! आता एकत्र करायच्या म्हटलं तर बरोबर कोणती? एक मेथड काढून सगळ्यांनी तीच वापरायची एवढं सोपं मला वाटत होतं.

---

कडेलोट

थांबा, इथे घाई करू नका, मी याच जागी पडलोय.

आमच्याकडे ग्राहकाचा पत्ता तपासणारा आणि पुरवठादाराचा पत्ता तपासणारा असे दोन क्लास होते, नव्वद टक्के सारखे. मी मोठ्या उत्साहाने एक केले. पुढच्या महिन्यात पुरवठादाराला परदेशी पत्ते चालायला हवेत अशी मागणी आली, मी एक बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) पॅरामीटर टाकला. मग ग्राहकाला पिनकोड ऐच्छिक, दुसरा बूलियन. वर्षभरात सहा झाले. त्या मेथडला कॉल करताना ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू अशी रांग लिहायची आणि तिचा अर्थ फक्त मला माहीत. नवीन आलेल्या मुलीने एक ट्रू चुकीच्या जागी टाकला आणि दोन दिवस चुकीचे पत्ते सेव्ह होत राहिले. चूक तिची नव्हती, ती मेथड तशी लिहिणाऱ्याची होती. शेवटी मी ते परत दोन क्लासमध्ये वेगळं केलं, रिपोर्टमध्ये डुप्लिकेशन वाढलं आणि कोड वाचता यायला लागला.

म्हणून आता जोडी समोर आली की मी एकच विचारतो, उद्या हा नियम बदलला तर दुसरीकडेही बदलायलाच हवा का? धंद्यातल्या माणसाला विचारतो, प्रोग्रामरला नाही. हो म्हणाला तर एक करा. दोघांचे मालक वेगळे असतील, एक वसुली विभागाचा आणि एक खरेदीचा, तर आज सारखे दिसतायत तो योगायोग आहे. सीपीडीला अशा जागी गप्प करायला कॉमेंटमध्ये सीपीडी-ऑफ आणि सीपीडी-ऑन लिहिता येतं, आणि का वेगळं ठेवलंय त्याची एक ओळ तिथेच लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी परत उत्साहाने एक करेल.

तुमच्या राउंडिंगचं मात्र मला एकच असावं असं वाटतं. पण वाटणं पुरेसं नाही, विचारा.

---

पायरी_पायरी

निळी_शाई, तुमच्या चार कॉप्यांचं उत्तर कोडमध्ये नाही, पण प्रश्न नेमका करता येतो. टेबल बनवा. वर चार कॉप्या, खाली इनपुट: २.५, ३.५, -२.५, ०, अगदी मोठी रक्कम. २.५ ला मॅथ-राउंड ३ देईल, हाफ-अप ३, हाफ-ईव्हन २, कारण ते मधोमध असलेली संख्या सम अंकाकडे नेतं. आणि -२.५ ला बघा काय होतं, मॅथ-राउंड -२ देतं कारण बरोबर मधोमध असलेली संख्या ते नेहमी वरच्या बाजूला नेतं, हाफ-अप मात्र शून्यापासून लांब जातं म्हणून -३. म्हणजे साध्या बिलात पहिल्या तीन कॉप्या सारख्या वागतील आणि परताव्याच्या बिलात, जिथे रक्कम उणे असते, तिथे वेगळ्या. तुमच्या टेस्टरने साधं बिल तपासलं असणार. तो दुसऱ्या स्क्रीनचा बग परताव्याचा होता का?

आणि बिगडेसिमल कसा तयार केलाय तेही बघा. डबल (जावाचा साधा दशांश संख्येचा प्रकार) थेट कन्स्ट्रक्टरला दिला असेल तर १.००५ हा आत खरं तर १.००४९९९… असा असतो आणि दोन दशांशांवर १.०० होतो. व्हॅल्यू-ऑफ वापरलं तर १.०१. दोन कॉप्या हाफ-अप म्हणतायत म्हणून त्या सारख्या आहेत असं धरू नका.

हे टेबल घेऊन हिशोब बघणाऱ्या माणसाकडे जा. राउंडिंग मोड कोणता असं विचारलंत तर तो गोंधळेल, ह्या रकमेला बिलावर काय छापायचं असं विचारा, एका मिनिटात सांगेल.

मग काम करायचा क्रम, हा मी फार धडपडून शिकलोय. आधी चारही कॉप्यांवर आज जे वागणं आहे तेच पकडून ठेवणाऱ्या टेस्ट लिहा, चुकीचं असलं तरी तेच. मग एकेक कॉपी ठरलेल्या वागण्यावर आणा, प्रत्येक बदल वेगळ्या कमिटमध्ये, त्याबरोबर तिची टेस्ट बदलते, आणि रिलीज नोटमध्ये त्याचा उल्लेख, कारण ग्राहकाला आकडे बदललेले दिसणार आहेत. चारही अक्षरशः सारख्या झाल्या की मगच एक मेथड काढा. त्या शेवटच्या कमिटमध्ये एकही टेस्ट बदलायला लागू नये. लागली तर कुठेतरी फरक राहून गेलाय. बरेच जण आधी एक करतात आणि मग फरक शोधत बसतात, तेव्हा कोणतं वागणं कोणाचं होतं हे सांगणारा कोड उरलेलाच नसतो.

कॉपी मुळात कुठून आली ते बघायला गिट ब्लेमला कॅपिटल सी तीनदा द्या, ओळ दुसऱ्या कुठल्या फाइलमधून आलीय ते दाखवतं. मोठ्या रेपोत वेळ लागतो, पण मूळ लेखकाच्या कमिट मेसेजमध्ये कधी कधी हाफ-ईव्हन का घेतलं ते लिहिलेलं सापडतं.

---

अर्धविराम

यात एक भर, नाहीतर सहा महिन्यांनी परत तिथेच. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणारं बिल्ड आणि तपासणी) जुन्या सगळ्या कोडवर नियम लावू नका, पहिल्याच दिवशी हजारो एरर येतात आणि लोक तपासणीच बंद करतात. फक्त नवीन आणि बदललेल्या कोडवर लावा. सोनारक्यूबचा नेहमीचा क्वालिटी गेट तसाच आहे, नवीन कोडमध्ये डुप्लिकेशन ३ टक्क्यांच्या वर गेलं की थांबवतो, जुन्याला हात लावत नाही. स्पॉटलेसमध्येही रॅचेट-फ्रॉम आहे, मेन ब्रँचच्या तुलनेत बदललेल्या फाइलीच तपासतं, त्यामुळे पूर्ण कोड एकदम फॉरमॅट करायला टीम तयार नसेल तर तो मार्ग आहे.

आणि फॉरमॅटर बसला की रिव्ह्यूत स्पेसवर कॉमेंट करायची नाही असं टीमने सरळ ठरवून टाका. आमच्याकडे हे झाल्यावर रिव्ह्यूत पहिल्यांदाच नावांवर आणि एररवर बोलणं सुरू झालं.

---

निळी_शाई

पायरी_पायरी, हो, परताव्याचाच बग होता! तुम्ही कसं ओळखलंत असं विचारणार होते पण टेबल बनवल्यावर कळलं, मी सुधारलेली कॉपी साध्या बिलाची होती आणि परताव्याची मॅथ-राउंडवर होती.

काल टेबल घेऊन हिशोबाच्या बाईंकडे गेले. तीन कॉप्यांबद्दल त्यांनी लगेच सांगितलं, हाफ-अपच हवं, उणे रकमेतही. चौथ्याबद्दल मात्र म्हणाल्या की तो मासिक व्याजाचा हिशोब आहे आणि तिथे हाफ-ईव्हन मुद्दाम ठेवलंय, समोरच्या संस्थेशी आकडे जुळावेत म्हणून. ब्लेममध्ये बघितलं तर सात वर्षांपूर्वीच्या कमिट मेसेजमध्ये तेच एका ओळीत लिहिलेलं. मी गेल्या आठवड्यात ती चौथी कॉपी डोळे मिटून बाकीच्यांसारखी करणार होते, ब्रँचसुद्धा काढली होती. ती आज डिलीट केली.

आता तिघींच्या टेस्ट लिहितेय, चौथीचं नाव बदलून त्यात व्याज हा शब्द आणतेय आणि वर का वेगळी आहे ते लिहितेय. फॉरमॅटिंगसाठी सीनियरना ब्लेम करून दाखवलं, ते या रिलीजनंतर करू म्हणाले. कडेलोट, एक विचारायचं राहिलं, तुम्ही ते दोन पत्त्यांचे क्लास परत वेगळे केलेत तेव्हा टीमला कसं पटवलंत? मला तशीच एक सात पॅरामीटरची मेथड डिस्काउंटमध्ये दिसतेय.

---

कडेलोट

पटवायला बसलो नाही. प्रत्येक कॉल कुठून होतो आणि कोणते बूलियन पाठवतो त्याची यादी काढली. चोवीस कॉल होते आणि त्यात फक्त दोनच जोड्या वापरात होत्या, एक ग्राहकाची, एक पुरवठादाराची. ती यादी मीटिंगमध्ये समोर ठेवली. मग मेथडची कॉपी केली, प्रत्येकीत बूलियनच्या जागी खरी किंमत घातली आणि कधीच न चालणाऱ्या इफ काढत गेलो, आयडीई (कोड लिहायचा एडिटर) त्यात बरीच मदत करतो. दोन्ही मेथड मूळच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या राहिल्या. तुमच्या डिस्काउंटच्या सात पॅरामीटरची अशी यादी काढा आणि इथे टाका, बघू किती जोड्या निघतात.